गुणाबाईचे दुसरे चरित्र

लिहिता लिहिता हात दुखे।
बोलता बोलता कंठ सुके।
तरी तुझे नाम न चुके।
ऐसे करी, ख्रिस्तराया॥

पेटीवाले, स्वर जरा उतरवा. आज वरच्या पट्टीत गाण्यासारखा विषय नाही.

मंडळी, नमन त्या प्रभूला, ज्याने सबंध आयुष्यात एकदाच लिहिले — आणि तेही धुळीत! बोटाने! भोवती दगड घेऊन माणसे उभी, मध्ये एक भेदरलेली स्त्री, आणि प्रभू खाली वाकून जमिनीवर लिहीत आहे. काय लिहिले? ठाऊक नाही. कुणी उतरवून घेतले? कुणी नाही! वारा आला असेल, कुणाची शेळी त्यावरून गेली असेल, अक्षरे पुसली गेली. ना छपाई, ना प्रस्तावना, ना प्रकाशनसमारंभ! पण एवढे मात्र शास्त्र सांगते, की हातातले दगड गळाले आणि ती स्त्री जिवंत घरी गेली. आता तुम्ही सारे लेखक येथे बसला आहात — मला सांगा, ते लेखन वाया गेले काय?

मग आजचा प्रश्न ऐका. ज्याचे कुणी वाचत नाही, आणि जो लिहून लिहून थकला, त्याने लेखणी खाली ठेवावी काय?

कुणी बोलत नाही! बरोबर आहे. दुपारची वेळ, पोटात मेळाव्याची लापशी. आणि त्यातून प्रश्न वर्मी लागला. आपणा ख्रिस्ती लेखकांची पुस्तके सर्वांत मन लावून कोण वाचते, सांगू? वाळवी! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एक अक्षर न गाळता! हसू नका. त्या मागच्या बाकावरच्या आजोबांना विचारा, त्यांना हसू आले नाही. त्यांच्या कपाटाला लागली आहे.

तर या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. माझा तो अधिकार नव्हे. उत्तर देणार आहे एक गवंडी. सावकाश ऐका.

प्रवरेच्या खोऱ्यात बेलदरे नावाचे गाव. गावात काळ्या दगडांचे एक लहान देऊळ — आपले, ख्रिस्ती देऊळ — आणि त्याच्या आवाराला लागून शांतवन अमोलिक गुरुजींचे घर. गुरुजींनी बत्तीस वर्षे हायस्कुलात संस्कृत शिकविले. निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी एक महाकाव्य हाती घेतले. प्रभूचे संपूर्ण चरित्र, ओवीबद्ध! अकरा वर्षे चालू होते. पहाटे प्रार्थना, मग चहा, मग काव्य. दिवसाला चार ओव्या. कधी दोन. कधी एकच, आणि तीही दुसऱ्या दिवशी खोडलेली.

आता गावात लिहिता येणारा एकच माणूस असला, की काय होते? तुम्हांला ठाऊक आहे! नाताळचे नाटक — गुरुजी. मुलांच्या रविवारच्या शब्बाथ-शाळेची गीते — गुरुजी. पाळकसाहेबांचे मानपत्र — गुरुजी. आणि मुख्य म्हणजे, गावात कुणी प्रभूमध्ये निजले, की अंत्यविधीत वाचायचे चरित्र! आपल्यात ही रीत आहेच. शवपेटी पुढे ठेवलेली, गीत झाले, शास्त्रवाचन झाले, की मृताचे जीवनचरित्र वाचतात. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, गुण, मागे राहिलेला परिवार. बेलदऱ्यात ते तीस वर्षे अमोलिक गुरुजी लिहीत आणि स्वतःच वाचीत.

पण मरण काही आठ दिवस आधी निरोप देते का? सकाळी माणूस जातो, चारला माती द्यायची. गुरुजींच्या हातात तीन तास! म्हणून गुरुजींनी काय केले — ऐका, हा आपल्या लेखकांच्याच जातीचा दोष आहे — गुरुजींनी साचे करून ठेवले! टेबलाच्या खणात दोन कागद. एक पुरुषाचा, एक स्त्रीचा. नावाची जागा कोरी, तारखांची जागा कोरी. बाकी सर्व तयार! पुरुष गेला की, "मंडळीचा आधारस्तंभ, मितभाषी, प्रार्थनाशील." स्त्री गेली की, "सद्धर्मशीला, सुमधुरभाषिणी, जिच्या कंठातून अहर्निश प्रभुस्तुतीचे मंजुळ स्वर निनादत असत."

काय भाषा! कान तृप्त! लोक म्हणत, "गुरुजी लिहितात म्हणून मरायची भीती वाटत नाही."

आणि एका मंगळवारी गोष्ट घडली.

सकाळी टपालाने एक जाड पाकीट आले. ख्रिस्ती वाङ्मय छापणाऱ्या एका संस्थेकडे गुरुजींनी महाकाव्याचे पहिले दहा सर्ग पाठविले होते. ते परत आले होते. बरोबर चिठ्ठी. भाषा सभ्य, अक्षर सुंदर, आशय एका ओळीचा: काव्य उत्तम आहे, परंतु असे वाचणारे आता राहिले नाहीत.

गुरुजी खुर्चीत बसले. राग आला नाही हो! राग यायला अंगात बळ लागते. ते नुसते बसले. अकरा वर्षांचा शीण एका क्षणात खांद्यांवर उतरला. शेजारी चहा निवला, त्यावर साय धरली. घरात विचारणारे कुणी नव्हते. पत्नी लीदियाबाई सकाळीच कुणाच्या तरी घरी मयतीला गेल्या होत्या.

अकराच्या सुमारास पाळकसाहेबांचा फोन. साहेब नवे, येऊन सहा महिने झालेले. "गुरुजी, आपल्या गुणाबाई रणनवरे वारल्या. वय एकाहत्तर. तारखा मी रजिस्टरातून सांगतो, उतरवून घ्या. चार वाजता विधी आहे."

आता बेलदऱ्यात रणनवऱ्यांची सात घरे! कोणत्या घरची गुणाबाई? कुणाची कोण? एवढा एक प्रश्न विचारायचा होता, मंडळी. एक प्रश्न! पण थकलेला माणूस पहिल्यांदा काय सोडून देतो? अन्न नव्हे, झोप नव्हे — प्रश्न विचारणे सोडतो. गुरुजींनी खण उघडला, स्त्रीचा साचा काढला, नाव भरले, तारखा भरल्या, आणि कागद खिशात घातला.

चार वाजता देऊळ भरले. गुरुजी उभे राहिले, चष्मा लावला आणि कागदावरची नजर न उचलता वाचू लागले. "सुमधुरभाषिणी" झाले. "मंजुळ स्वर" झाले. बायकांच्या बाजूने एक चुळबूळ ऐकू आली, पण चुळबूळ कुठल्या मयतीत नसते? वाचन संपले. आणि सवयीप्रमाणे सबंध मंडळी म्हणाली — "आमेन!"

मग पुढच्या बाकावरून एक म्हातारा उठला. एलिया रणनवरे, गावाचा जुना गवंडी. टोपी हातात. शांतपणे म्हणाला, "गुरुजी, वाचलं लई झ्याक. पर ही बाई कोन?"

गुरुजींनी मान वर केली.

"न्हाई, म्हंजी माझी बायको मुकी हुती. जलमापास्नं. ऐकायलाबी येत नव्हतं. पेटीत तीच हाय न्हवं?"

मागे कुणीतरी फसकन हसले, आणि लगेच ते हसू त्याच्याच घशात अडकले. कारण प्रत्येकाच्या ध्यानात आले, की आपणही "आमेन" म्हटले होते! जी मुकी होती तिच्या गोड गळ्याला सगळ्यांनी आमेन म्हटले होते! पाळकसाहेबांनी घाईघाईने गीताचा क्रमांक सांगितला. शवपेटीला माती दिली गेली.

गुरुजींना ती बाई ठाऊक नव्हती का? होती ना! "मुकी" म्हणून होती. रस्त्याने भेटे, पदर सावरी, बाजूला होई. सारा गाव तिला मुकीच म्हणे. तिला गुणा असे नाव आहे, हे रजिस्टराला ठाऊक होते आणि नवऱ्याला. गावात तिसऱ्या कुणाला नाही.

घरी येईपर्यंत लीदियाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बायको बोलत असली तर माणसाला आधार असतो हो! गुरुजीच शेवटी म्हणाले, "मला काय ठाऊक, तीच ती म्हणून? तू तरी सांगायचंस!"

"मी तिला अंघोळ घालत होते," लीदियाबाई म्हणाल्या. "तिच्या उजव्या हाताला बोटभर जाड घट्टा आहे. कशाचा, ते मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं शेजारी बसले देवळात. तुम्हांला एकट्यालाच बोल कशाला लावू?"

गुरुजींनी परत आलेले सर्ग, टाक, दौत, खणातले दोन्ही साचे — सगळे एका फडक्यात बांधले. गाठ मारली. "झालं," म्हणाले. "माझं लिहिणं संपलं."

लीदियाबाईंनी गाठीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अकरा वर्षं तुम्ही प्रभूला मोरपिसांनी वारा घालताय. त्याला तहान लागली असेल, असं कधी वाटलं का हो?"

पेटीवाले, थांबा. येथे गीत नको. हे वाक्य जरा तसेच असू द्या.

दुसऱ्या दिवशी दारात कोण? एलियाबाबा! गुरुजींना वाटले, आता शिव्या. बरे होईल, शिव्या मिळाल्या तर बरे होईल! पण म्हातारा ओट्यावर बसला आणि म्हणाला, "गुरुजी, सोमवारी पोरगा मला सुरतंला न्यायाला येतुया. घराला कुलूप. तिकडं दोन नातवंडं हायती, त्यांनी आज्जीला बघितलंबी न्हाई. फोटू न्हाई तिचा. काढायचा म्हटलं की पदर घ्यायची तोंडावर. म्हटलं हुतं, तुमचा कागूद संग नेईन, वाचून दावीन पोरास्नी. पर त्यात दुसरीच बाई हाय. दुसरा लिवून द्या. रविवारी देवळात वाचा, समद्यांच्या म्होरं. जिथं चुकलं तिथंच दुरुस्त हुया."

"एलियाबाबा, मी लेखणी बांधून ठेवली. थकलो आता."

"बांधली व्हय?" म्हाताऱ्याने फडक्याकडे पाहिले. "मंग सोडा की! गाठ हाय, वेल्डिंग तर न्हाई!"

आणि निघून गेला.

मंडळी, आता पाहा. गुरुजींच्या हाती राहिले चार दिवस. सोमवारी म्हातारा गेला, की गुणाबाई गेली! तिचा आवाज नव्हताच, चित्र नाही, लेखन नाही. तिला ओळखणारी एकच जागा गावात उरली होती, ती म्हणजे ऐंशीकडे झुकलेल्या एका गवंड्याची आठवण; आणि ती सोमवारच्या गाडीने निघणार होती.

गुरुजींनी गाठ सोडली. बसले. कागदावर लिहिले, "सद्धर्मशीला." खोडले. लिहिले, "जिच्या मूक वदनावर अहर्निश." खोडले. गुरुवारीही तेच. टाक दौतीत बुडाला की साचाच वर येई! तीस वर्षे एकाच वाटेने गेलेला बैल, त्याला डोळे बांधून सोडा — तो त्याच दाराशी उभा राहतो. गुरुजींना प्रथमच भय वाटले. वाचक नाहीत याचे नव्हे. आपल्याला लिहिता येत नाही, याचे! आणि बहुधा फार दिवसांपासून येत नाही, याचे!

शुक्रवारी दुपारी गुरुजी उठले आणि चालत एलियाबाबाच्या घरी गेले. हे मी सोपे करून सांगतो आहे. त्या चारशे पावलांना गुरुजींना दोन दिवस लागले होते.

घरात धूर! म्हातारा चुलीपुढे उकिडवा बसलेला. तव्यावर काहीतरी काळे-पांढरे.

"या गुरुजी, बसा. भाजत न्हाई नीट. ही तिसरी गेली वाया."

"जेवण करता आहात?"

"ज्येवान कशाचं! परवा महिन्याचा पयला रविवार न्हवं का? प्रभुभोजनाची भाकर कोन करंल?"

गुरुजींना उमगेना. "ती तर मंडळीचे कुणी वडीलजन..."

एलियाबाबाने उलथने खाली ठेवले. "गुरुजी, अडतीस वरसं ती भाकर ती करत हुती. सात पाळक बदलले, भाकर बदलली न्हाई. मागच्या दारानं आत जायची, टेबलावर दुरडी ठिवायची, फडकं झाकायची. पाळकास्नी वाटायचं, वडीलजन आनत्यात. वडीलजनास्नी वाटायचं, पाळकीनबाई करत्यात. कुनी इचारलंच न्हाई. मंग तिनं तरी कसं सांगावं?"

मंडळी! गुरुजींचा हात आपोआप स्वतःच्या ओठांकडे गेला. अडतीस वर्षे, दर महिन्याला, प्रभुभोजनात या बाईच्या हातचा तुकडा या ओठांवर ठेवला होता!

"सांगा," गुरुजी म्हणाले. "पहिल्यापासून सांगा."

"काय सांगू? तुमी इचारा, म्या सांगतो. आपसूक काय निघत न्हाई."

आणि गुरुजी विचारू लागले. गहू कुठून आणायची? — खंडागळ्याच्या मळ्यातनं. निवडायची कशी? — उन्हात बसून, खडा निघाला की गालात हसायची, जनू चोर पकडला. गिरणीत दळायची का? — "छ्या! जात्यावर! हातानं खुणा करायची, अशी, की गिरनीत समद्यांचं पीठ मिसळतं, ह्ये येगळं पायजे. हाताला घट्टा पडला हुता खुंट्याचा."

गुरुजींना पत्नीचे शब्द आठवले. तो घट्टा!

"तिला प्रार्थना कळायची का, बाबा? ऐकू येत नव्हतं..."

म्हातारा तव्याकडे पाहत राहिला. तव्यावरची चौथी भाकरही करपली. मग म्हणाला, "सांच्याला घरी म्या गीत म्हनायचो. ती मागं बसायची आन् माझ्या पाठीवर तळहात ठिवायची. असा, पसरून. पाठ हालती न्हवं, गाताना? म्या थांबलो की थापटायची. अजून म्हना म्हनायची. मंगळवारपास्नं म्या गायलो न्हाई, गुरुजी. तोंड उघडतो, पर पाठ गार लागती."

दोन म्हातारे चुलीपुढे बसून राहिले. पेटीवाले, तेवढा एक स्वर धरा. शब्द नकोत.

निघताना गुरुजी म्हणाले, "एलियाबाबा, मंगळवारी मी जे वाचलं..."

"ऱ्हाऊ द्या." म्हातारा उठता उठता म्हणाला, "पर एक बोलू का? राग मानू नगा. म्या आडाणी मानूस. भिताड बांधताना म्या वीट हातात घ्यायचो आन् थापीनं ठोकून बघायचो. खणखणीत वाजली, की लावायची. बद्द वाजली, की बाजूला. दिसायला कितीबी लाल आसू द्या! तुमी त्ये वाचत हुता मंगळवारी — दिसायला लाल हुतं समदं. पर गुरुजी, एकबी वीट वाजली न्हाई."

ऐकलेत? बत्तीस वर्षे संस्कृत शिकविलेल्या पंडिताला साहित्यशास्त्र शिकविले कुणी? थापी धरणाऱ्या हाताने! लेखकहो, हे पाठ करून ठेवा. शब्द सुंदर आहे म्हणून लावू नका. भक्तीचा आहे म्हणूनही लावू नका. भक्तीच्या शब्दांतच कच्च्या विटा फार! ठोकून पाहा. मी हे पाहिले का? हे या माणसाविषयी खरे आहे का? दुसऱ्या कुणाच्या नावापुढे हेच वाक्य बसते का? बसत असेल, तर बाजूला!

प्रभूचे चरित्र लिहिणाऱ्या आपल्या चार शुभवर्तमानकारांत एक वैद्य होता ना? त्याने काय केले? ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते त्यांना विचारले, शोध केला, मग लिहिले. पवित्र आत्म्याची प्रेरणा असलेला माणूस चौकशी करीत हिंडला, आणि आपण! आपण म्हणतो, "प्रभूने सुचविले," आणि खण उघडतो!

शनिवारी गुरुजी बसले. चार पाने लिहिली. लीदियाबाईंना भाजी निवडता निवडता वाचून दाखविली. बाई मध्येच म्हणाल्या, "थांबा. 'ती अहर्निश सेवारत असे.' खोटं! दुपारी ती अंजिराच्या झाडाखाली झोपायची, मी पाहिलंय. अहर्निश काढा."

"काढलं."

"'जणू स्वर्गीय दूत.' तुम्ही पाहिलाय?"

"काय?"

"दूत."

"नाही."

"मग काढा. बाई पुरे आहे."

अशी चार पानांची तीन झाली, तिन्हींची दोन, आणि दोहोंचे एक. गुरुजींचे वय पंच्याहत्तर. मध्ये दोनदा टाक ठेवला, डोळे मिटून बसले. उत्साह होता का? मुळीच नाही. कंटाळा होता, पाठ दुखत होती, चिठ्ठीतली ओळ मधूनमधून बोचत होती. पण थकलेला माणूस थकल्या अंगानेच एक एक खरी ओळ लावीत गेला.

रविवार उजाडला. देवळाच्या मेजावर दुरडी होती. फडक्याखाली एलियाबाबाची भाकर: एका बाजूने जाड, एका बाजूने करपलेली. पाळकसाहेबांना सर्व सांगितले होते. त्यांनी भाकर मोडण्याआधी गुरुजींना पुढे बोलाविले.

गुरुजी उभे राहिले. म्हणाले, "मंगळवारी मी या ठिकाणी एका स्त्रीविषयी असत्य वाचले. तिला न ओळखता वाचले. तिची, तिच्या पतीची आणि प्रभूची मी क्षमा मागतो." आणि वाचू लागले:

"गुणाबाई एलिया रणनवरे यांना बोलता येत नव्हते आणि ऐकू येत नव्हते. आपण त्यांना मुकी म्हणत होतो. त्या अडतीस वर्षे दर महिन्याला खंडागळ्यांच्या मळ्यातले गहू निवडीत, जात्यावर दळीत आणि या मेजावरची भाकर करीत. जात्याच्या खुंट्याने त्यांच्या उजव्या हाताला घट्टा पडला होता. आपण सर्वांनी ती भाकर खाल्ली. ती कोणी केली, हे आपण विचारले नाही. मीही विचारले नाही. संध्याकाळी त्यांचे यजमान गीत गात, तेव्हा त्या त्यांच्या पाठीवर तळहात ठेवीत. त्या गीत अशा रीतीने ऐकत."

आणखी चार ओळी. संपले.

कुणी "आमेन" म्हणाले नाही. सवयीचा आमेन त्या दिवशी कुणाच्या जिभेवर आलाच नाही!

एलियाबाबा उठला. गुरुजींनी कागद पुन्हा डोळ्यांपुढे धरला. पुन्हा चुकले काय?

"गुरुजी, एक ऱ्हायलं," म्हातारा म्हणाला. "तिला राग यायचा, त्ये लिवा. एकदा म्या बिडी वडून भाकरीला हात लावला, तर तिनं मला लाटनं फेकून मारलं हुतं. हितं, कपाळाला. खोक पडली हुती. पोरास्नी कळू द्या, आज्जी कसली हुती!"

देऊळ हसले! हसता हसता बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गुरुजींनी खिशातून पेन काढले, कागद बाकाच्या पाठीवर टेकला आणि तेथेच, उभ्या उभ्या, लिहून घेतले.

तोच मार्थाबाई पाटोळे उठल्या, ज्या कधी मंडळीत बोलल्या नव्हत्या. "गुरुजी, माझी थोरली झाली तेव्हा मला दूध नव्हतं. मुकी — गुणाबाई रोज शेळीचं दूध आणून उंबऱ्यावर ठेवायची. एकवीस दिवस. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही लिहिता का?"

"लिहितो, बाई. सावकाश सांगा."

मग एक उठला, मग दुसरी. पाठपोट कागद भरला. पाळकसाहेबांनी रजिस्टरातून एक कोरा कागद फाडून दिला. गुरुजींचा हात दुखत होता, पाय दुखत होते, डोळ्यांपुढे अक्षरे पोहत होती; लीदियाबाईंनी बायकांच्या बाजूने उठून खुर्ची आणून दिली, आणि गुरुजी लिहीत राहिले. प्रभुभोजनाला त्या दिवशी पाऊण तास उशीर झाला. कुणी घड्याळ पाहिले नाही.

सोमवारच्या गाडीने एलियाबाबा सुरतेला गेला. खिशात घडी केलेले दोन कागद होते.

आता तुम्ही विचाराल, त्या महाकाव्याचे काय झाले? छापले गेले की नाही? मंडळी, ते मला विचारू नका. तो आजचा विषय नव्हे. आणि गुरुजींचा थकवा गेला का? तेही सांगून टाकतो: नाही गेला. पंच्याहत्तर वर्षांचा थकवा एका रविवारी जात नसतो. जातो असे सांगणारा कीर्तनकार खोटे सांगतो. फक्त एवढे झाले, की मंगळवारी पुन्हा एक निरोप आला, कुणीतरी गेले होते, आणि गुरुजींनी खण उघडला नाही. चपला घातल्या.

मग उत्तर मिळाले का? थकलेल्याने लेखणी ठेवावी काय? ठेवावी! अवश्य ठेवावी, तासभर. आणि ज्याच्याविषयी लिहायचे आहे त्याच्या दारात जावे. तुम्ही लिहून थकला नाहीत, लेखकहो! न पाहता लिहून थकला आहात. एकाच साच्यातून "धन्य, पवित्र, आशीर्वादित" ओतून ओतून तुमचे खांदे भरून आले आहेत. वाचक नाहीत म्हणून रडता? गुणाबाईच्या चरित्राला वाचक किती? सुरतेतली दोन पोरे! आणि त्या दोघांसाठी प्रभूने एका पंडिताला त्याच्या महाकाव्यावरून उठवून धुरात नेऊन बसविले. प्रभूची मोजणी निराळी आहे.

तेव्हा उद्या मेजाशी बसण्याआधी तुमच्या गावातले एक माणूस शोधा, ज्याला सगळे टोपणनावाने हाक मारतात. त्याचे खरे नाव विचारा. मग दुसरा प्रश्न विचारा. मग गप्प बसा, आणि ऐका. जे कळेल ते अर्ध्या पानात लिहा, आणि त्याला ओळखणाऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. ते म्हणतील "हे काढा," तर काढा. ते म्हणतील "एक राहिले," तर उभ्या उभ्या लिहून घ्या.

आणि आज घरी जाताना, तुमच्या खणात जो कागद आहे ना — हात वर करू नका, मी मोजत नाही — तो फाडा.

उठा, मंडळी, डोके लववू. हे ख्रिस्तराया, आमचे हात दुखत आहेत, हे तू जाणतोस. ते बरे कर, असे आम्ही म्हणत नाही. तुझ्या ज्या लेकरांची नावे आम्ही कधी विचारली नाहीत, त्यांच्या दारापर्यंत आम्हांला चालव; आणि तेथे गेल्यावर आमचे तोंड थोडा वेळ बंद ठेव.